चाळीस मीटरवरचा भाऊ

रेमला, केर्केना बेट
रविवार, १२ मार्च १९९५

श्री. शेदली सूइसी यांस,
मार्सेय.

महोदय,

मी लघुलहरींवरचं संभाषण ऐकणारी एक श्रोती आहे. स्वतः बोलायचा परवाना माझ्याकडे नाही. आमच्याकडे तो मागायला गेलं तर अर्ज घेणारा माणूसच सापडत नाही. ऐकायला मात्र कुणाची मनाई नाही. आज सकाळी चाळीस मीटरच्या पट्ट्यात आपण सिसिलीतल्या त्रापानीच्या श्री. कार्मेलो यांच्याशी बोलत होता. ते मी ऐकलं, म्हणून रीतीप्रमाणे अहवाल पाठवते.

स्पष्टता पाचपैकी पाच. जोर नऊपैकी आठ. अधूनमधून आवाज किंचित खाली जाऊन परत वर येत होता, तेवढं या पट्ट्यात चालायचंच. आपण आपल्या गच्चीवरच्या टोमॅटोंना बुरशी धरल्याचं सांगितलंत. श्री. कार्मेलो यांनी त्यावर राखेचा उपाय सुचवला आणि मग बराच वेळ स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलले. हे मुद्दाम लिहिते, कारण प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय हे कुणाला कळणार नाही. अहवाल खरा असल्याचा हाच पुरावा असतो.

रिसीव्हर : युद्धातला अमेरिकन ए-आर-८८, चौदा व्हॉल्व्हचा. सिग्नलचा जोर दाखवणारा काटा याला नाही, त्यामुळे आकडा कानाने देते. एरियल : छतापासून खजुराच्या झाडापर्यंत ओढलेली तार.

श्रोत्याचा अहवाल आला की पोचेचं कार्ड पाठवायचं, ही हौशी रेडिओवाल्यांची रीत आहे. श्रोता ओळखीचा असो वा नसो, आवडता असो वा नावडता. ती आपण मोडणार नाही असं धरून चालते. उत्तराचं टपाल-कूपन सोबत आहे.

आपली,
बेया सूइसी

ता. क. ओळखलंस ना, की आडनाव वाचूनही डोकं खाजवतोयस? रिसीव्हर बाबांचाच आहे. मी माल्टाचं हवामान शोधत होते आणि मध्येच तू सापडलास. आवाज जाडा झालाय, पण वाक्य संपवताना उगाच ‘बरं का’ म्हणायची खोड तीच. जवाची पेज चुलीवर होती ती पार करपली. साध्या पत्राला तू उत्तर देत नाहीस, म्हणून आता ही वाट धरली. बघू, रेडिओवाल्यांची तरी लाज ठेवतोस का.

---

रेमला
रविवार, ३० एप्रिल १९९५

शेदली,

कार्ड मिळालं. एका बाजूला मार्सेयचं बंदर, दुसऱ्या बाजूला छापील रकाने. तारीख भरली आहेस, वेळ भरली आहेस, ‘अहवाल बरोबर आहे’ यापुढे बरोबरची खूण केली आहेस आणि सही. खाली ‘ऐकल्याबद्दल आभार’, तेही छापलेलंच. एक अक्षर जास्त पडू नये म्हणून पेन किती घट्ट धरलं असशील याची मला कल्पना आहे.

शेजारची लल्ला मन्नूबिया तेव्हा इथेच होती. ऐंशीची झाली तरी पोस्टमन तिच्या नजरेतून सुटत नाही.

“कुणाचं गं?”

“भावाचं.”

“अगं बाई! काय म्हणतो?”

“मी जे ऐकलं ते बरोबर ऐकलं, असं म्हणतो.”

“आणि पुढे?”

“आभार मानतो.”

“इतक्या वर्षांनी आभार? ते गं कशाचे?” मग कार्ड उलटंसुलटं करून म्हणाली, “तुमचं घराणंच असलं. तुझा बाप पण असाच. जेवायला ये म्हटलं तर ‘निरोप पोचला’ म्हणायचा.”

तरी कार्ड मी रिसीव्हरवर टेकवून ठेवलं आहे. घरात तुझ्या हातचं काहीतरी आलं, एवढं खरं.

आता सरळ बोलते. आई गेली तेव्हा तार मीच केली होती. तार कचेरीत माझ्याच टेबलावरून, माझ्याच बोटांनी. आईचं दफन एक दिवस लांबवलं. इमाम कुरकुरले तरी लांबवलं. तू आला नाहीस. चाळिसाव्या दिवसाच्या फातिहालाही आला नाहीस. मग मी तुला लिहिलं, की मार्सेयला माझा कुणी भाऊ आहे हे मी यापुढे लोकांना सांगणार नाही. तेव्हापासून तू गप्प. ते पत्र मी रागात लिहिलं, पण जे लिहिलं ते खरं होतं आणि आजही त्यातलं एक वाक्य मी मागे घेत नाही. तू का आला नाहीस, एवढं सांगायचं होतंस. ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

तोवर अहवाल पाठवत राहीन. आजचा : स्पष्टता पाच, जोर सात. तू कार्मेलोला सांगितलंस की डॉक्टरने मीठ बंद केलंय. केर्केनाच्या माणसाचं मीठ बंद, मग खातोस तरी काय?

बेया

---

रेमला
रविवार, ४ जून १९९५

शेदली,

स्पष्टता चार, जोर सहा. खालावलंय. तुझ्याकडे काही बदल केलास का? एरियल हलवली असशील तर परत जागेवर आण.

आणि दुसरं, तू आजकाल शब्द खातोस. कवळी बसवलीस का? वाक्याचा सूर कळतो, कुठे थांबलास ते कळतं, पण मधले शब्द तोंडातच विरघळतात. कार्मेलोचंही तेच. दोघे म्हातारे तोंडात उकडलेला बटाटा धरून गप्पा मारताय असं वाटतं. तू काहीतरी पत्र्याबद्दल बोललास की चित्र्याबद्दल, ते मला लावता आलं नाही. अहवालात मी खोटं लिहीत नाही, म्हणून लिहिते : विषय कळला नाही.

आमच्याकडच्या बाजूनेही मी हयगय केलेली नाही. इथली खारी हवा तांब्याची तार वर्षभरात हिरवी करून टाकते. म्हणून मागच्या आठवड्यात तार उतरवून घासली. लल्ला मन्नूबियाला खाली उभी केली होती, दोरीचं टोक धरायला. मी छतावरून “सोड” म्हणेपर्यंत तिने सोडायची नाही असं ठरलं होतं. तिने आधीच सोडली, तार तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर पडली.

“मी ओरडून विचारलं तुला, सोडू का!” ती म्हणाली. “दोनदा विचारलं!”

“मला नाही ऐकू आलं.”

“अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.”

तिचा आवाज वयाने बारीक झालाय, पण ते तिला कोण सांगणार. नवे चिनी मातीचे इन्सुलेटर घातले, जोड डाखले, तार परत चढवली. आता माझ्या बाजूला खोट काढायला जागा नाही.

तुझी कार्डं नियमित येतात. छापील आभारांबद्दल आभार.

बेया

---

रेमला
रविवार, ८ ऑक्टोबर १९९५

शेदली,

स्पष्टता तीन, जोर चार. लिहिताना मलाच राग येतोय.

उन्हाळाभर मी बाबांच्या अमेरिकन सेटच्या मागे लागले होते. आउटपुटचा व्हॉल्व्ह बदलला, फरक नाही. मग चौदाही व्हॉल्व्ह काढले, एकेकाला जुन्या मोज्यात गुंडाळलं आणि टोपलीत भरून बोटीने समोरच्या किनाऱ्यावर स्फाक्सला गेले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सी मख़लूफकडे. बाबांच्या वेळचा त्याचा बाप, आता हा. दुकान तसंच आहे, फक्त रेडिओंच्या जागी आता टीव्ही उघडे पडलेले असतात.

त्याने एकेक व्हॉल्व्ह तपासणीच्या यंत्रात घातला. काटा दरवेळी हिरव्या पट्ट्यात गेला. शेवटी चष्मा कपाळावर ढकलून माझ्याकडे बघत राहिला.

“काय?” मी विचारलं.

“लल्ला बेया, मघापासून मी तुम्हाला तेच सांगतोय. एकही व्हॉल्व्ह खराब नाही. हे आपल्या दोघांना पुरून उरतील.”

“मग आवाज का बसलाय?”

तो काहीतरी म्हणाला. खाली मान घालून बोलायची सवय आहे त्याला, बापालाही होती. मी परत विचारलं, तेव्हा त्याने हातातलं सगळं ठेवलं आणि माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला, “तुम्ही सोडून आणखी कुणी ऐकतं का त्या सेटवर?”

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. मला ते अजिबात आवडलं नाही. मी टोपली उचलली आणि निघाले.

मी सांगते कारण काय आहे. सूर्य. अकरा वर्षांच्या फेऱ्यात सूर्यावरचे डाग कमी होतात, तशी ही वर्षं आहेत. आभाळ लहरी नीट परत फिरवत नाही. तू एवढी वर्षं यात आहेस, तुला हे मी शिकवायला नको. तेव्हा जरा जास्त वॅट लाव, आणि एरियल दक्षिणेकडे फिरव. सारखी उत्तरेकडच्यांशीच कशाला बोलायला हवं?

खरं सांगू का, रविवारी सकाळी आठला मी हेडफोन लावून बसते तेव्हा धास्ती असते. आधी तू असशील की नाही याची असायची. आता तू असूनही कळशील की नाही याची असते.

बेया

---

रेमला
१९ डिसेंबर १९९५

शेदली,

तुझं कार्ड आज आलं. या वेळी रकान्यांच्या खाली तू हाताने लिहिलंस.

“माल्टा – ५ आणि ९. अल्जियर्स – ५ आणि ९. त्रापानी – ९च्या वर. वॅट दुप्पट केलेत. बेया, दोष सेटचा नाही, सूर्याचाही नाही. कान दाखवून ये.”

इतक्या वर्षांनी पहिली ओळ लिहिलीस, आणि ती ही!

माझे कान ठणठणीत आहेत. तार कचेरीत दोन यंत्रं एकदम वाजत असताना मी दोन्हींवरचा मजकूर उतरून घ्यायचे, तेव्हा तू शाळेत गणितात नापास होत होतास. भरतीच्या वेळी समुद्र बदलतो तो मला अंथरुणात कळतो. माल्टाचे लोक कुणालाही पाच आणि नऊ देतात, ते भिडस्त आहेत. सगळे तुला खूश करायला नऊ देतात आणि मी खरा आकडा देते, तर मीच बहिरी?

कान दाखव म्हणे. आईच्या शेवटच्या महिन्यात तिला दिसत नव्हतं, तेव्हा डोळे दाखवायला कोण घेऊन गेलं होतं?

बेया

हे पाकीट आज बंद करणार होते, केलं नाही. दुसऱ्या दिवशी लिहितेय. रात्रभरात राग उतरला असं नाही. पण तू माझं नाव लिहिलंस हे सकाळी माझ्या ध्यानात आलं. चार रोमन अक्षरं पेनने लिहिली आहेस, ‘बी’ला बाबांसारखी शेपटी काढून. मी ते पुन्हापुन्हा बघितलं. बघून रडले. हे तुला कळायला हरकत नाही.

---

रेमला
रविवार, २५ फेब्रुवारी १९९६

शेदली,

ईद झाली. मनुकांची चटणी आणि खारवलेला मासा केला, तुझ्या वाटणीचा लल्ला मन्नूबियाने खाल्ला.

रमजानच्या आधी स्फाक्सला जाऊन आले. कानाच्या डॉक्टरकडे. तुझ्या सांगण्यावरून नाही. झालं असं, की लल्ला मन्नूबियाच्या घरी चुलीवरून तेल सांडून पडदा पेटला, ती मला भिंतीपलीकडून हाका मारत होती आणि मी इकडे शांतपणे मसूर निवडत बसले होते. पडद्यावर निभावलं. पण नंतर ती माझ्या दारात आली, हात काजळीने काळे. माझ्या शेजारी बसून तीही मसूर निवडायला लागली. ती बडबडली असती तर मी भांडले असते.

डॉक्टरीण कोवळ्या वयाची आहे. तिने मला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि म्हणाली, आवाज आला की हात वर करा. मला हसू आलं. जन्मभर मी दुसरं केलंय काय? सुरुवातीचे जाड आवाज आले, मी हात वर केला. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलं. काचेतून पाहिलं तर ती बटणं फिरवत होती आणि कागदावर एक रेघ हळूहळू खाली नेत होती. ती रेघ खाली जाताना मी बघत होते. हात मांडीवर होता.

नंतर तिने लिहून दाखवलं, म्हणजे माझ्या लक्षात यायला घोटाळा नको. जाड सूर शाबूत आहेत. बारीक गेलेत. शब्द ज्यांनी शब्द होतात ते सगळे आवाज बारीक असतात, म्हणून माणूस बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय ते कळत नाही. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलंही जाईल. किती दिवसांत, ते ती सांगत नाही. कानात घालायचं यंत्र दिलं. ते घालून अमेरिकनसमोर बसलं की दोघे मिळून शिट्टी मारतात.

तेव्हा तुझे शब्द तू खात नव्हतास. कवळीचं मागे घेते. बाकी काही मागे घेत नाही.

आता माझं मागणं ऐक. तुझा आवाज मला अजून ओळखू येतो, तू हसतोस ते कळतं, खोकतोस ते कळतं. त्याच्या आत काय आहे ते कळत नाही. मला वाटायचं, आपल्याकडे वेळ आहे. तू एक दिवस मऊ होशील, मी एक दिवस थकेन, आणि कधीतरी बोलू. तेवढा वेळ आता नाही. तू जे कधी सांगितलं नाहीस ते मला माझ्या कानांनी ऐकायचं आहे, कार्डावर वाचायचं नाही. कार्डावर तू चार शब्दांत पळ काढशील.

वाट एकच उरली आहे. मोर्स. तो एकच सूर असतो, आणि अमेरिकनला एक बटण आहे, त्याने तो हवा तितका जाड करता येतो. मी करून पाहिलं, बोटीच्या भोंग्याइतका जाड केला की लख्ख ऐकू येतो. इतर स्टेशनांचं मी अजून अक्षर न अक्षर उतरून घेते, हात विसरलेला नाही. तुला मोर्सचा कंटाळा आहे ते माहीत आहे, कार्मेलोला तू त्याला ‘सुतारपक्ष्यांची भाषा’ म्हणालास ते मी गेल्या वर्षी ऐकलंय. पण परवान्याच्या परीक्षेला शिकलाच असशील.

माझ्याकडे परवाना नाही, म्हणून तू मला हाक मारू शकत नाहीस आणि मी ओ देऊ शकत नाही. पण कार्मेलो आहे. रविवारी पट्ट्याच्या खालच्या टोकाला, मोर्स चालतो तिथे, जा आणि जे सांगायचं ते त्याला सांग. मी ऐकेन.

आई गेली तेव्हा तू का आला नाहीस?

बेया

---

रेमला
रविवार, १७ मार्च १९९६

शेदली,

काही नाही. मागच्या रविवारीही नाही, त्याच्या आधीही नाही. वरच्या टोकालाही शोधलं, तिथे तुझा आवाजही नाही. म्हणजे तू रेडिओवरच येत नाहीस.

पट्टा उघडा आहे. नापोलीचा एक जण जोरात येतोय, ओरानचा एक येतोय. त्यामुळे सूर्याचं नाव मला घेता येत नाही आणि तुलाही नाही.

लल्ला मन्नूबिया म्हणते, पोराला जास्त ताणलंस तू. पोरगा साठीला आलाय, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, “मग तर घाबरणारच. लहानपणी मार बसतो तो तरी एकदाच बसतो.”

मी बसत राहणार. तू घाबर हवं तर, पण घाबरून लवकर आटप.

बेया

---

रेमला
रविवार, १४ एप्रिल १९९६

शेदली,

अहवाल.

चाळीस मीटर, पट्ट्याचं खालचं टोक, मोर्स. स्पष्टता पाचपैकी पाच. जोर नऊपैकी सात. सुराची शुद्धता नऊपैकी आठ, किंचित थरथर होती. स्पष्टतेला पाच दिले ते भाऊ म्हणून नाही. एकही अक्षर सुटलं नाही म्हणून दिले.

आता हाताबद्दल. इतका वाईट हात मी नोकरीत एकदाच पाहिला होता आणि त्या माणसाची बदली झाली. तुझं टिंब लांब पडतं, रेघ आखूड पडते, दोन शब्दांमध्ये तू इतका थांबतोस की मला वाटलं उठून गेलास. चुकलास की पूर्ण शब्द पुन्हा देतोस, आणि पुन्हा तिथेच चुकतोस. म्हणजे या सगळ्या रविवारी तू गप्प नव्हतास, शिकत होतास. मला एक ओळ टाकली असतीस तर माझी झोप वाचली असती. कार्मेलोचा हात मात्र गाण्यासारखा आहे. तो तुझ्यासाठी इतका सावकाश झाला की मला त्याची दया आली.

तू पाठवलेला मजकूर मी उतरून घेतला. तो खरा ऐकल्याचा पुरावा म्हणून परत लिहिते.

तू म्हणालास, कार्मेलो, केर्केनाला माझी मोठी बहीण ऐकते आहे, म्हणून आज हळू. कार्मेलो म्हणाला, बहिणीला सलाम, ऐकणारी बाई असेल तर हात धुऊन पाठवतो. मग तू म्हणालास, तार त्याच दिवशी मिळाली. मालकाने सुट्टी दिली. काळा सूट विकत घेतला. बंदरात गेलो. बोटीची शिडी लागलेली होती. इथे तू खूप थांबलास. मी बटणाला हातसुद्धा लावला नाही.

मग तू म्हणालास, दरवर्षी मी आईला लिहायचो, पुढच्या उन्हाळ्यात येतो. दरवर्षी. ती दरवर्षी माझा पलंग बाहेर काढायची, हे बेया लिहायची. ती जिवंत असताना गेलो नाही, मग मेल्यावर कोणत्या तोंडाने जाऊ. शिडीखाली बोट सुटेपर्यंत उभा होतो. मग घरी गेलो. ‘शिडी’ तीनदा चुकलास, तिसऱ्यांदा बरोबर आलं.

आणि शेवटी, मोठ्या बहिणीला मानाने हाक मारतात तसं, LALLA, मला तुझ्यासमोर यायची भीती वाटत होती, तिच्यासमोर नाही.

कार्मेलोने मग एवढंच पाठवलं, की निरोप पोचला असेल, आणि माझा गुडघा आज बरा आहे.

पोचला. मी हेडफोन काढले आणि लल्ला मन्नूबियाकडे गेले. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सूट घेतला होता? काळा?” आणि डोळे पुसायला लागली. सुटाचं तिला फार लागलं.

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. शिडीखाली उभा राहिलास आणि मला कळवलं नाहीस, एवढी वर्षं मला वाटत राहिलं की तू उठलासच नाहीस, तार वाचून घडी केलीस आणि कामावर गेलास. तो राग वेगळा होता, हा वेगळा आहे. या रागात मी तुला जेवायला वाढू शकते.

रेडिओवर आता पुरे. तुझ्या मोर्सने माझ्या कानांचं राहिलेलं वाटोळं होईल. पुढच्या आठवड्यानंतर मोठी ईद आहे. मार्सेयहून बोट सुटते, शिडी लागते, तुला ती जागा ठाऊक आहे. ट्यूनिसहून स्फाक्स, स्फाक्सहून आमची बोट. मी सिदी यूसेफच्या धक्क्यावर असेन. लांबून हाका मारू नकोस, मला ऐकू यायच्या नाहीत. सरळ समोर येऊन उभा राहा.

आणि दाढी ठेवली असशील तर काढून ये. तू बोलशील तेव्हा मला तुझे ओठ दिसले पाहिजेत.

बेया